पहिल्या सत्राची नोंद

गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हा मी डी.एड.ला होते. आता धारूरच्या पुढे, डोंगरातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. सध्या प्रगती पुस्तकं भरायचे दिवस आहेत. सगळ्यांची झाली, एक राहिलंय, आणि ते पुढ्यात घेऊन नुसती बसून राहते. शाळेत हे कुणाजवळ बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

तिसरीत मी माझं प्रगती पुस्तक ज्वारीच्या कणगीत लपवलं होतं. आठ दिवस वाट बघून तुम्ही स्वतःच घरी आलात. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही उंबऱ्याशी पोत्यावर बसला आहात, आणि मी खांद्यापर्यंत हात घालून ते पुस्तक बाहेर काढते आहे. गणितात नापास, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. आईला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "गुरुजी, हिला काई येतंय का? न्हाईतर शेळ्यामागं धाडते." तुम्ही पान उघडलं, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणालात, "पोरगी हुशार हाय. हिशोबात जरा ध्यान द्यावं लागंल, बस." तुमचं बोट ज्या ओळीवर होतं तिथं असं काही नव्हतं, आणि मला वाचता येत होतं. निघताना गोठ्यापाशी तुम्ही मला थांबवलंत. "तुझ्या आईला मी खोटं सांगितलंय. आता मला खोटा पाडू नको. उद्यापासून शाळा सुटली की थांबायचं." त्या वर्षी मी पाढे शिकले ते आवडीनं नव्हे, भीतीनं. तुमच्या सायकलचा आवाज आला तरी सतराचा पाढा तोंडात यायचा.

या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीला दिवाळीपर्यंत साधं वाक्य वाचता येत नव्हतं. मी 'ड' श्रेणी लिहायला घेतली तर मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, ड दिला की जादा तास घेतल्याचे पुरावे जोडावे लागतात. कशाला?" जादा तास मी घेतलेच नव्हते. मग नोंदींची तयार यादी असते, तिच्यातलं एक वाक्य उतरवलं: 'आवडीने व स्पष्ट वाचन करते.' श्रेणी ब. दोन मिनिटांचं काम. तुम्ही खोटं बोललात ते माझ्यासाठी. मी लिहिलं ते माझ्यासाठीच.

दिवाळीनंतर तिची आई आली. सातवीपर्यंत शिकलेली बाई, दुसऱ्या दिवशी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघायची होती. एका हातात प्रगती पुस्तक, दुसऱ्या हातात लेकीचा दंड. "ह्यात वाचन चांगलं लिवलंय, म्हणून हिला आजीपाशी ठेवायचं ठरवलं. काल सहज म्हणलं वाच, तर हिला एक ओळ येईना. तुमच्यापुढं वाचायला लावा." मी मराठीचं पुस्तक उघडून दिलं. मुलीनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून उभी राहिली. आई ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "आता खरं सांगा. ठेवू का नेऊ? उसाच्या फडात धाकट्याला तरी सांभाळंल."

"लिहिलंय ते खोटं आहे," मी म्हणाले. "चूक माझी आहे, तिची नाही. ठेवा तिला. तुम्ही परत येईपर्यंत ती वाचेल."

"आन् न्हाई वाचलं तर?"

तिनं प्रगती पुस्तक टेबलावर ठेवलं, "राहू द्या तुमच्यापाशी," म्हणाली आणि गेली. सकाळी त्यांचा ट्रॅक्टर गेला. मुलगी राहिली.

तेव्हापासून ती शाळेच्या तासभर आधी येते. दर रविवारी फडावरून तिच्या आईचा फोन यायचा, "येतंय का वाचायला?" संक्रांत झाली तरी तिची काना-मात्रा जुळेना. हिचं वर्ष मी घालवलं, वर हिला आईपासूनही तोडलं, असं कित्येकदा वाटलं. मग एका सकाळी तिनं 'विहीर' हा शब्द आपणहून वाचला आणि पुढच्या शब्दावर गेली, जणू काही झालंच नाही. आता वाचते. सावकाश, जोडाक्षराला अडखळत. एवढं तिच्या आईला पुरेल का, मला माहीत नाही. ऊसतोडीची टोळी काल परतली. उद्या आई येणार आहे. गुरुजी, माझ्या आईपुढे बोट फिरवताना तुम्हालाही अशीच भीती वाटली होती का? मी कधी विचारलंच नाही.

हे कागद मी हजेरीच्या वहीत घालून ठेवीन, दुसरं करणार काय. फक्त आज दुपारचं सांगते. मी तिचं प्रगती पुस्तक उघडून बसले होते, ती शेजारी येऊन उभी राहिली आणि पहिल्या सत्राची नोंद वाचायला लागली. "आवडीने... व... स्प... स्पष्ट... वाचन... करते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, ही कोण हाय?"

"आहे एक," मी म्हणाले. वर तिचं नाव होतं. त्यावर माझा हात होता, तो मी उचलला नाही.