बाटलीवरची एक ओळ

दि. ९ मार्च, दुपार

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. इकडे आम्ही ठीक. भावजींचा खोकला गेला का ते कळव. दादाच्या मालिश केंद्राची दुसरी शाखा उघडली. भिंतींना फिकट हिरवा रंग दिलाय, आणि दारात पाणी सतत वाहत राहील असं दगडी भांडं बसवलंय. त्या आवाजाने गिऱ्हाइकांना शांत वाटतं. मला सारखं कुणीतरी नळ उघडा ठेवल्यासारखं वाटतं.

तुझं पत्र मिळालं. बाटलीवरचा आईचा फोटो बघितला की बरं वाटतं, आणखी दोन बाटल्या पाठव, असं लिहिलंस. त्या मी पाठवल्या नाहीत. का नाही, ते लिहायला बसलो त्याला आज चौथा दिवस. तीन कागद फाडले. त्यांतल्या एकात तर एकही चूक नव्हती.

आधी बाटलीचं सांगतो. गेल्या वर्षी दादाने जाहिरातीसाठी एक सल्लागार बाई आणल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "तुम्ही जसे आहात तसंच तुमचं केंद्र दिसलं पाहिजे. तुम्हाला जे मोलाचं वाटतं ते तीन शब्दांत लिहा." दादाने लिहिलं: माया, शुध्दता, खरेपणा. त्याने 'ध'ला 'द' जोडला होता. मी खोडून 'शुद्धता' केलं. "आले शुद्धलेखनाचे फौजदार! नववीत शाळा सोडली, पण खोड गेली नाही," दादा म्हणाला. सगळे हसले, मीसुद्धा.

मग बाटलीवरचा मजकूर. मी लिहिलं होतं, 'आमच्या आईने शिकवलेलं तेल. याने तिच्या पायांचं दुखणं हलकं झालं.' तेवढं खरं होतं. तेल चोळलं की तिला झोप लागायची.

"हलकं झालं म्हणे! कोण घेईल?" असं म्हणून दादाने खाली लिहिलं, 'या तेलाने आमची आई पुन्हा चालु लागली.'

बाई थांबल्या. "हे खरं आहे ना?"

"धाकट्याला विचारा, तो दिवसभर आईजवळ असतो."

बाई माझ्याकडे वळल्या. माझ्या हातात पेन्सिल होती. मी म्हणालो, "'चालू'चा लू दीर्घ हवा."

बाईंना ते 'हो' वाटलं. दादालाही. ताई, मलाही त्या वेळी तसं वाटू द्यायचं होतं.

जुन्या केंद्रात आईची खाट मागच्या खोलीत होती, मधे फक्त पडदा. एका दुपारी एक मुलगी आपल्या आईला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. म्हणाली, "चालायला लागलेल्या आई कुठे आहेत? हिला नुसत्या बघू द्या, हिला धीर येईल."

"आई बाहेरगावी गेलीय," दादा म्हणाला.

आई पडद्यामागे होती.

संध्याकाळी तिने मला बाटली आणायला सांगितली. "वाच." मी वाचलं. तिने परत वाचायला लावलं. मग म्हणाली, "मी चालले होय? मग माझ्या चपला कुठायत रे?" मला हसू आलं. तीही हसली. थोड्या वेळाने म्हणाली, "छापलंय म्हणजे आता चालायला हवं. माझ्या पोरांना कुणी खोटं म्हणायला नको."

मी म्हणालो, "काहीतरीच काय, पड जरा." ओळ बदलतो, असं म्हणालो नाही.

पुढे ती पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि अकराव्या दिवशी गेली. तू आलीस तेव्हा सगळ्यांना एकच विचारलंस: आई खाटेवरून उतरलीच कशी? दादा म्हणाला, आईला सांभाळणाऱ्या मावशींचं लक्ष नसेल. तू मावशींना नाही नाही ते बोललीस. पाच वर्षं आईचं अंथरूण-पांघरूण, न्हाणं, खाणं सगळं केलेली बाई आपली पिशवी उचलून गेली. मी तिथेच होतो, दाराच्या कडीशी चाळा करत.

परवा मावशींकडे गेलो. आई कशासाठी उठली ते मला ठाऊक होतं, असं एका दमात सांगून टाकलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर केली नाही.

"मलाही ठाऊक होतं. आठ दिवस रोज सकाळी मला धरून उभी राहायची. चार पावलं जमायला लागली होती. त्या दिवशी म्हणाली, हात सोड, पडद्यापर्यंत एकटी जाते."

"मग ताईला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू तिला? तुझ्या भावांनी खोटं छापलं म्हणून? पोरांना कळू देऊ नकोस, अशी शपथ घातली होती तुझ्या आईने. मला काय, चार शब्द ऐकून घेतले."

काल दादाला म्हटलं, ओळ काढ. तो म्हणाला, "आता काढली तर लोक विचारतील, का काढली." त्याचे डोळे भरले होते. ओळ काढतो म्हणाला नाही. मी आजपासून केंद्रात जात नाही. ते तीन शब्द नव्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत आहेत, अगदी बिनचूक.

तुला दोन गोष्टी मागतो. एक म्हणजे, माझ्यावर यायचा राग मावशींवर ठेवू नकोस. त्यांना चार ओळी लिही. त्यांना वाचता येत नाही, शेजारीण वाचून दाखवेल, तेव्हा मावशींची चूक नव्हती हे शेजारणीलाही कळेल असं लिही. दुसरी म्हणजे, मला एवढ्यात उत्तर देऊ नकोस. आधी रडून घे. मला बोलायचं ते सावकाश बोल, त्याला आपलं सगळं आयुष्य पडलंय.

तुझा धाकटा,
अजून तुझा असेन तर