ओल्या लुगड्याचं वजन

देवपूर, धुळे
२१ मार्च १९७६

प्रिय धुरपदा,

सुरुवात बातमीनेच करते, कारण ती तुझी आहे. जळगावच्या आपल्या जलतरण मंडळाने सातवा नियम बदलला. तीस वर्षांवरच्या बायकांना आता नेहमीच्या कपड्यांत, अगदी नऊवारी लुगड्यातसुद्धा, शर्यतीत उतरता येईल. शाळकरी पोरींना मात्र पोहण्याचा पोशाख सक्तीचाच राहिला. दहा वर्षं लागली. बैल गेला नि झोपा केला असं तू म्हणशील, आणि म्हणायचा हक्क तुला आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रविवारी मेहरूणच्या तलावात शर्यत आहे. सोबत छापील फॉर्म ठेवलाय. तू यावंस असं मला फार वाटतं. पण तो भरण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, एवढी माझी अट.

ट्रेनिंग कॉलेजात आपण एका खोलीत होतो तेव्हापासून तू मला हौदातली बेडकी म्हणायचीस. मी नाशिकला भावाच्या देखरेखीखाली, हातपाय मोजून, श्वास मोजून पोहायला शिकले. तू तापीत शिकलीस. पलीकडच्या काठावर तुमची केळीची बाग, नाव वेळेवर मिळेना, म्हणून लुगड्याचा काष्टा घट्ट मारून भाकरीचं फडकं डोक्याला बांधून तू सरळ नदी पार करायचीस. हे ऐकून मी हसले होते. खरं सांगू? हसले, पण पोटात कुठेतरी दुखलंही होतं. मी शिकलेली होते आणि तुला येत होतं.

सहासष्ट सालची ती शर्यत तुला मी सांगायला नको, पण मला लिहायची आहे. प्रौढ बायकांची पहिलीच शर्यत, पाच जणी, दोनशे मीटर. मी भावाने मुंबईहून आणलेल्या काळ्या पोशाखात, वर टॉवेल गुंडाळून, लाजत उभी. तू हिरव्या लुगड्यात, आणि काठावरच्या बायकांशी केळीच्या भावाच्या गप्पा मारत होतीस. शिट्टी झाली. तुझ्या पाठीवर लुगड्याचा फुगा आला, लोक हसले, आणि हसणं थांबायच्या आत तू पुढे गेलीस. मी जीव तोडून हात मारले. मी दुसऱ्या टोकाच्या बांबूला हात लावला तेव्हा तू पदर पिळत बसली होतीस. मी दुसरी आले, तीही बरीच मागे.

मग तासाभराने ध्वनिक्षेपकावरून निकाल फिरला. मंडळाकडे लेखी हरकत आली होती. सातव्या नियमाप्रमाणे पोशाख नाही, शिवाय लुगड्यात हवा भरते, ती माणसाला तरंगवते, म्हणजे भोपळा बांधून पोहण्यासारखंच झालं. अध्यक्ष दलिचंदशेठ बिचारे कापसाचे जिनिंगवाले, पाण्याशी संबंध आंघोळीपुरता. त्यांनी नियमावली उघडली, चष्मा पुसला आणि तुला बाद केलं. तू भांडली नाहीस. एवढंच म्हणालीस, “लुगडं काय मले तारते व बाई? लुगडं तं खाली वढते.” कोणी ऐकलं नाही. मी तुझ्या शेजारीच उभी होते, मीही ऐकलं नाही. मग पदक मला मिळालं, आणि ते माझ्या गळ्यात नीट बसवलंस तू. रिबिनीचा पीळ सोडवलास. तो हात मला अजून मानेवर जाणवतो.

पुढचं तुझ्या जाऊबाईंकडून कळलं. गावात तुला “नापास लुगडं” म्हणून चिडवायला लागले, घरच्यांनी तापीत उतरणं बंद केलं, आणि तू नावेची वाट बघत काठावर बसायला लागलीस. माझी धुळ्याला बदली झाली. दर आखाजीला तुझं कार्ड यायचं, त्यात शर्यतीचं अक्षरही नसायचं. मी उत्तरात सणाला तळलेल्या सांजोऱ्यांबद्दल लिहायची. एवढी वर्षं दोघी मैत्रिणी सांजोऱ्यांवर काढतात, यात काही बरं नाही हे मला कळत होतं.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी एक वेडेपणा केला. सकाळी नकाणे तलावावर गेले आणि नऊवारी नेसून पाण्यात उतरले. बेचाळीस वर्षांची बाई, शाळेची उपमुख्याध्यापिका! फुगा आला खरा. आठ-दहा हात मारेपर्यंत टिकला, मग बुडबुडे काढत गेला. त्यानंतर जे काही पायांना गुंडाळलं ते मलाच माहीत. पन्नास मीटरही झाले नाहीत. शेवटी कपडे धुणाऱ्या दोन बायकांनी हात देऊन बाहेर ओढलं, आणि वर विचारलं, मास्तरीणबाई, घरी काही भांडण झालं का? काठावर धापा टाकत बसले आणि रडले. तू हे ओझं ओढत दोनशे मीटर गेली होतीस, माझ्या पुढे.

तेच लुगडं घेऊन मी जळगावला दलिचंदशेठांच्या पेढीवर गेले. कोरडं तराजूत घातलं, पाऊण किलो. बादलीत बुडवून, निथळून पुन्हा घातलं, तीन किलोला थोडं कमी. शेठ काट्याकडे बघतच राहिले. म्हणाले, “बाई, गिला कपास आला तर मी गाडी दारातून परत लावतो. पाण्याचं वजन मला कोणी शिकवायला नको. मग त्या दिवशी माझी अक्कल कुठे गेली?” पुढच्याच बैठकीत नियम बदलला. शेठांनी उठून सांगितलं की वच्छलाबाईंनी दहा वर्षांनी मैत्रिणीसाठी न्याय मागितला, अशी मैत्री आजकाल बघायला मिळत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून बसले. त्यांना वाटलं विनय.

धुरपदा, त्या टाळ्यांनंतर मला जेवण जात नाही, म्हणून हे पत्र. ती हरकत मी लिहिली होती. तंबूमागे, ओल्या अंगाने, डाव्या हाताने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. भोपळ्याचा दाखलाही माझाच. हरकत कोणाची, हे मंडळात कोणी विचारलं नाही, आणि जाऊबाई सांगतात, तू तर शेठांवरच राग धरून बसलीस. काल मी शेठांना सगळं सांगितलं, आणि हरकत मागे घेत असल्याचा अर्ज दिला. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, निकाल दुरुस्त करू, पण आधी तिला तुम्ही सांगा. पदक या पाकिटात घातलेलं नाही. पोस्टाने पाठवून मोकळी होण्याएवढी सोय मला नको. येशील त्या दिवशी, रिबिनीचा पीळ काढून, मी ते तुझ्या गळ्यात घालीन. नाही आलीस, तर का नाही आलीस हे मला विचारावं लागणार नाही. त्या कागदाखाली मी सही केली नव्हती. या पत्राखाली करते आहे.

तुझीच (हा शब्द ठेवायचा की खोडायचा, ते तू ठरव),
वच्छला