दोन दाब, मग हॅश

दिपिका,

सकाळच्या शिफ्टला रोह्याला चाललो. तुला उठवलं नाय.

रंगाच्या हातानं तू मोबाइल उचलत नायस, म्हणून नेटच्या डब्याला जोडलेला बटणांचा फोन मूर्तींच्या कारखान्यात तुझ्या पाटाशी ठेवलाय. स्पीड डायल लावलाय. दोन दाबून हॅश दाबलंस की कंपनीचं गेट, ते मला आतून बोलावतील. तीन आणि हॅश म्हणजे रिक्षावाले जनूकाका. स्पीकर चालूच ठेव.

काल तू डोळे आखलेला गणपती बघितला. जिथं उभा राहिलो तिथं माझ्याकडेच बघत होता. असा हात पेणमध्ये दुसरा नाय.

एक डोळा आखला की दुसरा झाल्याशिवाय तू उठत नायस, माहितीय. पण कळा आल्या की ब्रश ठेव. देव एका डोळ्यानं थांबेल गो, बाळ नाय थांबायचं.

मितेश