बिननावाची बोट

शुक्रवार, दांडी. नारळी पौर्णिमा तोंडावर आलीय.

सांगून टाकलं एकदाचं! बोईसरच्या कंपनीत साहेब आज कायम करतो म्हणाले आणि मी चक्क नको म्हटलं. त्यांच्यासमोर नखातला निळा रंग लपवत बसले होते. परवा शेजारच्या काकांच्या बोटीवर नाव रंगवलं, तो निघतच नाही. निघावा असं वाटतही नाही, खरं तर.

येताना रिक्षात एकच धास्ती, बाबांना काय सांगू? त्यात सगळ्या बोटींवर नावं चढली, आमचीच अजून कोरी. दरवर्षी बाबा चिंचणीच्या पेंटरला बोलावतात, मला कधी विचारत नाहीत. माझी अक्षरं त्यांना आवडत नसणार, असंच मी धरून चालले होते.

बाबा किनाऱ्यावर बोट रंगवत होते. एका दमात सांगितलं: नोकरी सोडतेय, बोटींवर नावं काढणार, दुकानांच्या पाट्याही करीन. जमेल का, माहीत नाही.

त्यांचा ब्रश काही थांबेना. मग म्हणाले, "पेंटर येऊन गेला. मीच नाय म्हटलं त्याला."

"का?"

"काकाच्या बोटीवरचं नाव बघितलं ना. तुजी सुट्टी कवा हाय, वाट बघत होतो, बाय. दमून येतेस, मंग सांगायला जीभ रेटली नाय."

वेडे बाबा. आणि मी त्यांच्याहून वेडी.

नाव लालच हवं म्हणाले. नखातला निळा अजून तसाच आहे. उद्या त्यावर लाल चढेल.