अठरा एमएमचं टेबल

३ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
निर्णय झाला. लेकीसाठी टेबल मीच करणार. ती चौदाला येतेय. संसार मोडून, असं बायको म्हणते. मी 'राहायला' म्हणतो. घरूनच काम करणार, म्हणजे टेबल हवंच. बायको म्हणाली, सुताराला बोलवा. म्हटलं, लाकडाची जाण उपजत असते. ती म्हणाली, मग आधी पोरीला एक फोन तरी करा. करतो. आधी मापं.

दुपारी
मापं घेतली. तीनदा. तिन्ही वेगळी. सरासरी काढली.

५ फेब्रुवारी
सर्क्युलर सॉ आणली. गोल पात्याची इलेक्ट्रिक करवत. शिवाय प्लायवुडच्या दोन शीट, आठ बाय चार, अठरा एमएम. दुकानदार म्हणाला, चांगली बाजू खाली ठेवून कापा, वरची कड फुटते. मान डोलावली. दुकानदारांना बोलायची सवय असते.

७ फेब्रुवारी, सकाळी १०
आज श्रीगणेशा. शीट जेवणाच्या टेबलावर आडवी टाकली. चांगली बाजू वर, कारण पेन्सिलची रेघ तिच्यावर उठून दिसते. काप सरळ आला. शेवटचे दोन फूट सोडून. कड उंदरांनी कुरतडल्यासारखी.

१०.२०
खालचं जेवणाचं टेबलही कापलं गेलंय. पातं किती खाली सोडायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. (पुस्तिका, पान चार. पुस्तिका आत्ता उघडली.) बायकोने कापावर टेबलक्लॉथ अंथरला. लक्षण बरं नाही.

८ फेब्रुवारी
चैन पडत नाही. ऑफिसात दोनदा उठून स्वतःचंच टेबल मोजलं. साहेबांनी विचारलं, काय चाललंय. म्हटलं, काही नाही.

९ फेब्रुवारी
बायको लेकीशी फोनवर बोलत होती. मी तिथेच घुटमळत होतो. तिने फोन माझ्यापुढे धरला. नेमकं तेव्हाच मला पाना शोधायचं आठवलं. मी रागावलेलो वगैरे नाही. तिच्या लग्नाच्या वेळी 'तुझं तू बघ' एवढंच म्हणालो होतो. त्याला दोन वर्षं झाली. फोन तीही करू शकत होती.

११ फेब्रुवारी
दुसरी शीट दोन खुर्च्यांवर ठेवली. अर्ध्यावर आलो तर शीट मधोमध वाकली, पातं चिमटलं आणि करवत उसळून अंगावर आली. बोटं मोजली. दहा.

बायकोने सुताराला बोलावलंच. तो म्हणाला, काका, शीटला खालून सगळीकडे आधार द्या, नाहीतर मशीन उलटं येतं. म्हटलं, तेच करणार होतो. त्याने तुकडे पाहिले आणि काय करताय म्हणून विचारलं. टेबल, म्हणालो. त्याने चहा संपवला. टेबल करून देऊ का, म्हणाला. नको म्हटलं.

१३ फेब्रुवारी
योजनेत किरकोळ बदल. टेबलाऐवजी भिंतीला एक फळी. मुळात हीच कल्पना जास्त आधुनिक.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ
लेक आली. वाळलीये. मी म्हणालो, गाडी वेळेवर होती का. हो, म्हणाली. तिने खोलीतले तुकडे पाहिले, बॅग ठेवली, केस बांधले. अर्धवट कापलेली शीट फरशीवर लाकडी पट्ट्या मांडून त्यांच्यावर उलटी टाकली. कडेला सरळ पट्टी आवळली. पातं वर घेतलं. मला म्हणाली, "बाबा, ते टोक धरा. दाबू नका, नुसतं धरा."

मी धरलं. काप दोऱ्यासारखा सरळ गेला. काम एकंदर माझ्या देखरेखीखाली झालं.

विचारलं, हे कुणी शिकवलं. ती भुसा झटकत म्हणाली, कुणी नाही, तिकडची सगळी कपाटं एकटीनेच बसवली. एकदा तर पातं अडकलं होतं, फार घाबरले. तेव्हा वाटलं, तुम्हाला विचारावं.

मी म्हणालो, मग फोन लावायचास.

ती म्हणाली, "लावला होता. तुम्ही आईकडे दिलात."

मग तिने दुसरी रेघ आखली. मी टोक धरून बसलो.