सारा हेब्रोनात काय करत होती?

मार्हेश्वान ३

माझा लेक युदान आला होता! दोन वर्षांनी. कैसरियाहून इथे सिप्पोरीपर्यंत पायी. त्याच्या बापाने, तन्हूमने, दार उघडलं, पाहिलं आणि लावून घेतलं. "ख्रिस्त्यांच्या पंगतीत बसणारा माझा कोणी नाही!" — आतून एवढंच ओरडला. मी चुलीपाशी ओले हात घेऊन उभी. हललेसुद्धा नाही. थू माझ्यावर.

मार्हेश्वान ४

मसूर करपला. दोघांनी तसाच खाल्ला.

मार्हेश्वान ५

या शब्बाथी सभास्थानात अब्राहाम देवाला अर्पण करायला पोटच्या इसहाकाला बांधतो तो पाठ आहे. वाचणारा हिब्रूतलं एक वचन वाचणार, की लगेच तन्हूमने ते आपल्या बोलीत सांगायचं. गुंडाळीत डोकावायचं नाही, सगळं तोंडपाठ! म्हणून घरी घोकणी. माझा बाप लेखनिक, मला अक्षर येतं, म्हणून चुका काढायचं काम माझं. गेली वीस वर्षं.

शास्त्रात वेदीवर इसहाक एक शब्द बोलत नाही. तन्हूमचा बोलतो — "बाबा, मला घट्ट बांधा, मी हललो तर अर्पण बिघडेल!" म्हणे सदतीस वर्षांचा होता, आपखुशीने चढला.

"हे कुठे लिहिलंय?" मी विचारलं.

"जुने जाणते सांगतात. मुलगा असावा तर असा!"

टोमणा कोणाला होता ते न कळायला मी काही दुधखुळी नाही.

मार्हेश्वान ८

काल शब्बाथ, काम वर्ज्य, लिहिता आलं नाही. 'घट्ट बांधा' ऐकून लोक रडले. तन्हूमची छाती अशी फुगलेली!

आज विहिरीवर शेजारच्या मार्ताने युदानची चिठ्ठी हळूच हातात कोंबली. तिचा नवरा कैसरियाला तेल विकतो. "आई, आमचे गुरुजी सांगतात, स्वतःच्याच अर्पणाची लाकडं वाहणारा इसहाक म्हणजे क्रूस वाहणारे आमचे प्रभू. बाबांना सांगून बघ. नाहीतर तू तरी येशील?"

वा रे पंडित! दोन्हीकडच्या पुरुषांना पोरगं लाकडावरच हवं. इसहाकाच्या आईला, साराला, विचारलं का कोणी? ती आपली तंबूत भाकऱ्या थापतेय.

मार्हेश्वान १२

पुढच्या पाठाची घोकणी. "सारा हेब्रोनात मेली, आणि अब्राहाम तिच्यासाठी शोक करायला आला."

"आला? कुठून?"

"बैर-शेबाहून. इसहाकाला बांधलं त्या मोरियाच्या डोंगरावरून उतरून तो तिथेच राहिला."

"मग ती हेब्रोनात काय करत होती?"

तन्हूमने हात झटकला, म्हणाला, "बायकांनी फार खोलात शिरू नये. पुढचं वचन घे."

पुढचं वचन घेतलं. पण एकेका शब्दाचे सात सात अर्थ काढणाऱ्यांना एवढं दिसू नये? की नवरा डोंगर उतरला, आणि बायको त्याच्या घरात नव्हती! चीड येते नुसती.

किस्लेव १

नवा महिना, आणि मी कैसरियात. युदान पाणी आणायला गेलाय. सारा हेब्रोनात काय करत होती, ते तन्हूमला आता कळेल.