आपाचे चार पाईप

हिवरखेड, ३ मे २०२४

ती. रजियाआपास,
सलाम, वि. वि.

इकडे सर्व खुशाल. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडलो की तू म्हणतेस भाऊ रागावला. म्हणून मराठी शाळेत मास्तरांनी शिकवलं तसं पत्र लिहितो. कानाचं मशीन तू लावणार नाहीस, हे ठाऊकच आहे.

काम असं. अब्बांनी तुझ्या हिश्शाला दिलेलं नाल्यापलीकडचं वावर मी वाहतो, पण पावसाळ्यात तिकडे बैलबंडीसुद्धा जात नाही. मागच्या वर्षी तुझा मोईज आला, बुटांना चिखल लागला तसा काठावरूनच परतला. तेव्हापासून तो अकोटच्या गिऱ्हाइकाला वावर विकायचं म्हणतो. वावर तुझं, मी मधे पडत नाही. मात्र विकायचं असो की ठेवायचं, जायला वाट हवी. मिरगाचा पाऊस लागायच्या आत नाल्यात सिमेंटचे पाईप टाकून वर मुरूम भरतो. बडनेऱ्याच्या रस्त्यावर मोईजच्या दोस्ताचा, सागरचा, पाईपचा कारखाना आहे. तिथे दोन फुटी चार पाईप बघ. मोईजवर सोडू नकोस, तो फोटो बघून माल घेईल.

तुझी भावजय अफसाना सलाम सांगते. दुलाभाई गेल्यापासून तू गावी आली नाहीस म्हणून रुसली आहे.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा भाऊ,
इनायतुल्ला

अमरावती, १४ मे

चि. इनायतुल्लास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तू रागावलेला नसतोस हे मला कळतं. पण तसं म्हटलं की तू नरमतोस.

मोईजच्या स्कूटरवर बसून कारखान्यात गेले. पाईप दगडाने वाजवून घेतात. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर तडकलेला. आता मी कुठून ऐकणार? पाईपला गाल लावला आणि मोईजला ठोकायला सांगितलं. पोरगा शरमेने लाल झाला, सागर तोंड फिरवून हसत होता. पण चांगला पाईप गालाला झिणझिण्या देतो रे. एक मात्र मुकाच राहिला. सागरने पाणी ओतून पाहिलं तर बारीक चीर निघाली. तो बदलून घेतला.

दोन फुटी घेतले नाहीत, तीन फुटी घेतले. दोन फुटीत वाहून आलेल्या वाळक्या पऱ्हाट्या अडकतात, आणि पाणी तुंबलं की तुझ्याच कपाशीत शिरतं. हे तुला कळत नाही असं नाही. बहिणीकडे जास्त मागायचं नाही, एवढंच. लहानपणीही भाकरीचा मोठा तुकडा मला द्यायचास आणि मग माझ्या ताटाकडे बघत बसायचास.

ट्रकवाले पंजाबराव म्हणतात, मले वावराची वाट ठाऊक नाई, कोनी सोबत पायजे. मोईजला सुट्टी नाही. तेव्हा पुढच्या बुधवारी, २२ तारखेला, मीच येते. मोईज म्हणाला, केबिन उंच आहे. मी म्हटलं, स्टूल ठेव. अफसानाला सांग, रुसवा मी येईपर्यंत टिकव.

दुआ करत जा, आठवण काढत जा.
तुझी आपा

अमरावती, २२ मे

ती. मामूजान यांस,
सलाम, वि. वि.

हे पत्र पंजाबरावांच्या खिशात घालून देतो आहे. अम्मीला दाखवू नका. तिला उन्हात उभी करू नका, सकाळची गोळी चुकवू देऊ नका. रविवारी अकोटचं गिऱ्हाईक वावर बघायला येईल. तिला सांगितलं आहे. तिने मान हलवली, पण किती ऐकू आलं ते अल्ला जाणे. मामू, मला लालची समजू नका. जिथे पाय ठेवता येत नाही ती जमीन नुसती सातबाऱ्यावर सांभाळून काय करायची? आणि तुम्ही तरी आमचं कुठवर वाहणार?

एक विचारायचं होतं. ट्रक भरताना सागर म्हणाला, असे पाईप अकोटलाही मिळतात. मग अमरावतीहून एवढं ओझं नेण्याचं कारण काय? लेखी कळवावं. फोनवर तुम्ही विषय बदलता.

राग नसावा.
आपला भाचा,
मोईज

हिवरखेड, २७ मे

चि. मोईजला,
अ. उ. आ.

लेखी विचारलंस म्हणून लेखी सांगतो. पाईप अकोटला मिळतात. पण अकोटच्या ट्रकमधून तुझी अम्मी आली नसती. किती वेळा बोलावलं. तिचं एकच, ऐकू येत नाही, चार माणसांत बसून काय करू. वावर न बघताच ती सही करून मोकळी होईल, याची मला धास्ती होती. आमची आपा पाहुणी म्हणून येत नाही, कामाला बोलावलं की येते.

जेसीबीने पाईप बसले. तू म्हणालास म्हणून तिच्या डोक्यावर मी स्वतः छत्री धरली. मुरूम दाबून झाला तशी ती चपला हातात घेऊन सगळ्यांच्या आधी पलीकडे गेली. वावराच्या धुऱ्यावरच्या कवठाखाली बसून रडली. मीही रडलो, लपवत नाही.

काल तुझं गिऱ्हाईक आलं. नव्या वाटेवरून गाडी थेट वावरात गेली, माणूस खूश झाला. अम्मीने त्याला चहा दिला आणि सांगितलं की वाट नव्हती म्हणून पोरगा विकत होता, आता वाट झाली. तो माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मी म्हटलं, माह्याकडे नका पाहू भाऊ, वावर तिचं हाये. तू चिडशील. चीड, पण या पावसाळ्यात बुटांसकट ये आणि पलीकडे जाऊन चीड.

ती मिरगापर्यंत इथेच राहणार म्हणते. तिचं कानाचं मशीन कपाटात डबीतच पडलं असेल, ते नवे सेल घालून पाठव. तिनेच मागवलं आहे. पाईपमधून पहिलं पाणी जाईल ते तिला गालाने नाही, कानाने ऐकायचं आहे.

मामूवर रुसलास तरी येणं सोडू नकोस.
तुझा,
इनायतुल्लामामू